उजवा पदर वर

दक्षिणेचा वारा आला आणि आषाढाची ओल आपल्याबरोबर घेऊन गेला. मागे राहिलं ते ऊन. धुतलेलं, धवल, धारदार ऊन. भातखाचरांवर ते हिरवं होत होतं, नदीवर रुपेरी होत होतं, आणि बाजारपेठेतल्या सरकत्या दारांच्या कागदांवर मधाच्या रंगाचं होऊन थांबत होतं.

जपानच्या उत्तरेकडचं हे नदीकाठचं गाव. एकच लांबलचक पेठ, दोन्ही हातांना लाकडी दुकानं, आणि वर आभाळाची अरुंद निळी पट्टी. ऑगस्ट लागला की त्या पट्टीत दोन तारे माथ्यावर येतात. आपण त्यांना अभिजित आणि श्रवण म्हणतो. इथे ती एक विणकरीण आणि तो तिचा गुराखी. मध्ये अथांग आकाशगंगा. वर्षातून एकदाच ही दोघं ती ओलांडून भेटतात, आणि त्या एका भेटीच्या कौतुकासाठी सारं गाव कागदाचं होतं.

कागदाचे पक्षी, कागदाची जाळी, कागदाचे बटवे. मोठाल्या कागदी चेंडूंतून पायघोळ ओघळणाऱ्या झिरमिळ्या, इतक्या लांब की खालून जाणाऱ्याच्या कपाळाला लागाव्यात. दर दुकानापुढे एक हिरवा बांबू, शेंड्याला पानं राखलेला, आणि त्याच्या वाकलेल्या अंगाखांद्यावर हा सारा रंगभार.

पण हे घडायचं ते आतल्या खोल्यांत, दारं लावून. सणाच्या सकाळपर्यंत कोणाकडे कोणता रंग, कोणती घडी, हे शेजाऱ्याला कळता कामा नये, असा पेठेचा जुना दंडक. एरवी कोणाच्या चुलीवर कोणता मासा आहे हे वासावरून सांगणारी ही पेठ. पण उन्हाळा आला की सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. कात्र्या कुजबुजायच्या, कागद कुरकुरायचे, आणि माणसं एकमेकांना भेटली की फक्त उकाड्याबद्दल बोलायची.

आणि बांबूच्या शेंड्याशी, पक्ष्यांच्या वर, झिरमिळ्यांच्या वर, लोंबायचा एक कागदी किमोनो. हातभर उंचीचा, पोकळ बाह्यांचा, बिनमाणसाचा. घरातलं दुखणंखुपणं त्यानं आपल्या अंगावर घ्यायचं आणि वाऱ्याला देऊन टाकायचं, एवढीच त्याची नेमणूक. ज्या घरात कोणी अंथरुणाला खिळलेलं असे, त्या घराचा किमोनो लोक जरा मान वर करून पाहत.

त्याला नियम एकच. उजवा पदर आत, डावा पदर वर. जन्मभर माणूस किमोनो असाच नेसतं. फक्त एकदा, शेवटच्या स्नानानंतर, पांढरं वस्त्र दुसऱ्यांच्या हातांनी अंगावर चढतं, तेव्हा उजवा पदर वर येतो. जित्या माणसाला तसं नेसवत नाहीत, बाहुलीला नेसवत नाहीत, कागदालाही नाही. एवढंसं पोरही हे जाणतं.

पेठेच्या मध्यावर चहाचं दुकान होतं, आणि त्या दुकानाचा किमोनो म्हणजे सेत्सुबाईंचा किमोनो. त्यांच्या हातचा कागद बोलायचा. गळपट्टी अशी बसायची की आत मान आहे असं वाटावं. बाह्यांना असा झोल असायचा की आत्ता कोणीतरी हात काढून घेतलाय असं वाटावं. पेठेतली मंडळी त्यांच्या दुकानापुढे उगाच रेंगाळायची आणि चहा न घेताच जायची, याचा सेत्सुबाईंना राग यायचा आणि बरंही वाटायचं.

सायो या घरात सून म्हणून आली ती डोंगराकडच्या एका बर्फाळ वाडीतून. आली तेव्हा तिच्या गालांवर डोंगरातली लाली होती आणि हातांत डोंगरातला जोर. पहिल्याच उन्हाळ्यात तिनं किमोनोच्या कागदाला हात लावला, आणि सासूबाईंनी तो हात हलकेच बाजूला केला. “तुझ्या हातात घाई आहे,” त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, डोळे वटारले नाहीत. पण ते वाक्य सायोच्या हातात काट्यासारखं राहिलं ते राहिलंच.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात तिच्या वाट्याला यायचे उरलेले तुकडे. कातरकाम झालं की जमिनीवरचा कपटा न् कपटा वेचायचा, एका कागदी टोपलीत भरायचा, आणि ती टोपलीही बांबूला टांगायची. इथे कचऱ्यालाही सणात मान. सायो कपटे वेचत राहिली. तिच्या गालांवरची लाली ओसरली, शूजीच्या म्हणजे तिच्या नवऱ्याच्या कानांवर पांढरे केस आले, आणि ती कपटे वेचतच राहिली.

मग तो हिवाळा आला. एकामागून एक दोन घाव घालणारा हिवाळा.

आधी सायोची आई गेली, डोंगरात, बर्फात, लेकीची वाट पाहून. सायो पोचली तेव्हा कपाळ गार होतं. तिनं आईला कोमट पाण्यानं पुसलं, पांढरं वस्त्र नेसवलं, डावा पदर आत घेतला आणि उजवा वर आणला. उजवा वर. घडी चुकली नाही. परत येताना आगगाडीच्या काचेवर बर्फ आपटत होता आणि ती मांडीवरच्या आपल्या हातांकडे पाहत होती.

ती घरी येऊन टेकते न टेकते तोच सेत्सुबाई चहाची बरणी उचलता उचलता कोसळल्या. उजवं अंग गेलं. कात्री धरणारा हात गेला, घडी घालणारी बोटं गेली, ओठांचा एक कोपरा कायमचा खाली उतरला. बोलणं राहिलं, पण तेही थांबत थांबत, एकेक शब्द पुढे ठेवत.

मागच्या खोलीत त्यांचं अंथरूण पडलं, आणि सायोच्या दिवसांना शेवट राहिला नाही. कूस बदलायची. पाठ पुसायची. पेज शिजवायची, गाळायची, निववायची, भरवायची. ओली चादर काढायची, सुकी घालायची, ओली धुवायची. वसंत आला, चेरीची झाडं फुलली, पाकळ्या गटारातून वाहून गेल्या. सायोनं तो वसंत चादरींच्या पाण्यात पाहिला.

सेत्सुबाईंनी कधी धन्यवाद म्हटलं नाही. सायोनंही कधी कुरकुर केली नाही. या दोघींमधला व्यवहार पहिल्यापासून मुकाच होता.

एका पहाटे, पावसाळा सरता सरता, सायो अंगणातल्या नळाखाली चादर धूत होती. पाणी गार होतं, आभाळ राखाडी होतं, पाठ ठणकत होती. आणि पाण्यातून बुडबुडा वर यावा तसा एक विचार वर आला. आता सुटावं. कोणी सुटावं, कशातून सुटावं, हे त्या विचारानं सांगितलं नाही. त्यानं सांगितलं नाही, पण तिला कळलं.

तिनं चादर इतक्या जोरानं पिळली की शिवण उसवली. मग ती वाळत घातली, आत गेली, आणि नेहमीसारखी पेज ढवळू लागली. मनात आलेलं कोणी पाहत नाही, असं तिनं स्वतःला बजावलं.

त्यानंतर लवकरच सासूबाईंनी तिला जवळ बोलावलं. डाव्या हातानं भिंतीतल्या कपाटाकडे बोट केलं. “वरचा कप्पा. निळा कागद. काढ.”

सायोनं काढला. तुतीच्या सालीचा, हातानं केलेला, निळीत बुडवून बुडवून गडद केलेला तो कागद. उन्हापुढे धरला की आतले तंतू दिसत, पांढरे, विस्कटलेले, जिवंत. असा कागद करणारा म्हातारा आता हयात नव्हता. सासूबाईंनी तो कोणत्या उन्हाळ्यासाठी राखला होता, देव जाणे.

“यंदा किमोनो तू कर.”

“माझ्या हातात घाई आहे, आई.”

सेत्सुबाईंनी आढ्याकडे पाहिलं. “माझ्या हातात आता तीही नाही,” त्या म्हणाल्या.

ती दुपार सायो कधी विसरणार नव्हती. बाहेर सिकाडा किड्यांचा कर्कश कोलाहल, आत निळी निःशब्द सावली. सासूबाई झोपलेल्या. शूजी दुकानात. तिनं चटईवर कागद पसरला, तळवा फिरवला, आणि पहिल्यांदाच त्या घरात एक अखंड कागद तिच्या हातांखाली तिचा म्हणून पसरला.

तिनं घाई केली नाही. श्वासही सावकाश घेतला. पाठ कापली, बाह्या कापल्या, भाताच्या खळीनं कडा चिकटवल्या. नखानं घडी दाबली, नखानं घडी उजळली. निळ्या कागदाची निळाई तिच्या बोटांना लागली, बोटांची ऊब कागदाला लागली. कागद मऊ झाला, आज्ञाधारक झाला. कपट्यांवर वर्षानुवर्षं वाकलेली ती मान त्या दुपारी ताठ होती.

शेवटी राहिले समोरचे दोन पदर. तिनं ते अलगद उचलले, एकावर एक आणले, खळ लावली, तळहातानं दाबून धरले. हातांना सवय होती. हातांना इतकी सवय होती की तिला त्यांच्याकडे पाहावंही लागलं नाही. ती पाहत होती गळपट्टीकडे, जी अशी बसली होती की आत मान आहे असं वाटावं.

किमोनो वाळवायचा कुठे? पुढच्या खोलीत गिऱ्हाइकं, अंगणावर शेजाऱ्यांचे डोळे. गुपित राखायचं तर मागच्या खोलीहून सुरक्षित जागा नाही. तिनं तो सासूबाईंच्या अंथरुणासमोर, दाराच्या चौकटीला टांगला.

सेत्सुबाईंना जाग आली. त्यांनी किमोनो पाहिला. पाहिला, आणि पाहतच राहिल्या. सायो उंबऱ्याशी गुडघ्यांवर बसून वाट पाहत होती. नवीन सुनेसारखी.

“शिवण सरळ आहे,” सासूबाई म्हणाल्या. मग डोळे मिटून घेतले.

एवढंच. पण सायोला तेवढं पोटभर झालं. स्वयंपाकघरात जाऊन ती तोंडावर किमोनोची बाही दाबून रडली, आणि त्या रडण्याला कितीतरी वर्षांनी गोड चव होती.

त्या संध्याकाळपासून सासूबाईंचं खाणं तुटलं. अर्धा वाडगा, मग पाव वाडगा, मग दोन-तीन घास. एरवीही त्यांना भरवणं म्हणजे सोपस्कार असायचा. दार लावलेलं हवं, खिडकी लावलेली हवी. ओठाच्या उतरलेल्या कोपऱ्यातून पेज ओघळायची, आणि ती ओघळताना सायोखेरीज कोणी पाहिलेलं त्यांना खपत नसे. पोटच्या मुलालाही नाही. आता तर त्या चमचा ओठांशी येण्याआधीच मान वळवू लागल्या.

“उकाडा आहे,” त्या म्हणत.

“उकाडा आहे,” सायो शूजीला सांगे. आणि उकाडा होताच.

सणाची पहाट धुक्यात उगवली. नदीवरून धुकं चढलं, आणि धुक्यातून बांबू आले. ओले बांबू, हिरवे बांबू, पानांची सळसळ घेऊन आलेले बांबू. दारं सरकली. गाठोडी सुटली. दोऱ्या ताणल्या गेल्या, पुरुषांनी हाका दिल्या, आणि अंधूक उजेडात शूजीनं आपला बांबू खांबाला आवळला. त्याचं सगळं लक्ष गाठींकडे होतं. किमोनो आधीच शेंड्याला बांधलेला. वर गेला तो धुक्यात गेला.

मग सूर्य आला. धुकं विरलं. आणि पेठ एकाच क्षणात पेटली, तांबड्या, जांभळ्या, पिवळ्या, शेवाळी, शुभ्र रंगांनी. झिरमिळ्या हलल्या, हजार कागद एकाच वेळी श्वास घेऊ लागले. सुती किमोनोतल्या मुली आल्या, पंखे आले, भाजलेल्या कणसांचा वास आला. सायो दुकानाच्या दारात उभी होती. तिचा चेहरा त्या सकाळी सुंदर दिसत होता, आणि तिला ते ठाऊक होतं.

समोरून कान्नो आजोबा आले. खडावांचे दुकानदार, पेठेतले सगळ्यांत जुने. नेहमीसारखे ठणठणीत पावलं टाकत आले, मान वर केली, आणि थांबले. डोक्यावरची टोपी काढली. तिच्यापुढे कमरेत खोल वाकले.

“केव्हा झालं?” ते हलक्या आवाजात म्हणाले. “आम्हांला कळवलं असतंत. सणाचा विचार करायचा नाही अशा वेळी.”

सायोला काही कळेना. “काय झालं?”

“सेत्सु-सान...” म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते. त्यांनी पुन्हा वर पाहिलं.

तिनंही वर पाहिलं.

वर, निळ्या आभाळात निळा किमोनो झुलत होता. बाह्या पसरलेला, शांत, नितांत देखणा. आणि त्याच्या छातीवर उजवा पदर वर होता.

उजवा वर.

कान्नो आजोबांच्या मागे आणखी दोघं थांबली होती, त्यांच्या मागे एक बाई मुलाला घट्ट धरून. मुलगा बोट वर करत होता, बाई ते बोट खाली करत होती. रंगीबेरंगी रस्त्यावर तेवढाच एक भाग गप्प झाला होता.

“त्या आहेत,” सायो म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच ऐकू आला नाही. ती पुन्हा म्हणाली, “आई आहेत. आत आहेत. माझी चूक झाली.”

कान्नो आजोबांनी सुटकेचा श्वास टाकला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं हसले. “समोर ठेवून घडी घातली की होतं असं. उजव्याचं डावं होतं. माझ्या बायकोचंही एकदा होता होता राहिलं होतं.”

तिनं मान डोलावली. हो, समोर ठेवूनच केलं. हो, उजव्याचं डावं झालं. लोकही मान डोलावून, ओशाळं हसून पांगले. आणि ती मान डोलावत राहिली, कारण तो आडोसा होता, आणि ती त्याच्यामागे लपली होती.

पण लाज आडोशामागेही येतेच. चुकीची लाज लहान होती; ती चेहऱ्यावर होती, ती ओसरली असती. दुसरी मोठी होती. तिला ठाऊक होतं की हात चुकले नव्हते. हातांनी हिवाळ्यात शिकलेलं केलं होतं. हातांनी नळाखाली आलेला विचार केला होता. मनात आलेलं कोणी पाहत नाही, असं ती म्हणाली होती. आणि आता ते भर पेठेत, सगळ्यांच्या वर, उन्हात झुलत होतं.

शूजीनं बांबू खाली वाकवला. दोरी सोडताना त्यानं बायकोकडे पाहिलं नाही. ते न पाहणं चापटीपेक्षा जास्त लागलं.

“दुपारी आईला दारात आणायचं ठरलंय,” तो म्हणाला. “विचारेल ती. वाऱ्यानं फाटला म्हणून सांग.”

“वारा कुठे आहे?” सायो म्हणाली.

ती किमोनो हातांत घेऊन मागच्या खोलीत गेली. सरकतं दार लावलं. अंथरुणापाशी गुडघे टेकले, किमोनो चटईवर ठेवला आणि कपाळ चटईला लावलं. गवताचा सुका वास नाकात गेला. तिला वाटलं, इथून वर येऊच नये.

“आई, मी याला उलटा पदर घातला. लोकांना वाटलं, तुम्ही गेलात.”

बाहेर ढोल सुरू झाले होते.

“पाहिलंय मी,” सासूबाई म्हणाल्या.

सायोनं मान वर केली. “केव्हा?”

“रोज. समोरच तर होता.” एकेक शब्द सावकाश येत होता, कोरडा, बिनरागाचा. “मला वाटलं... तू सांगते आहेस. तोंडानं कशी सांगशील. म्हणून कागदानं.”

खोलीत उजेड होता. त्या उजेडात सायोनं पहिल्यांदा नीट पाहिलं: गालांची हाडं वर आली होती, मनगट काडीएवढं झालं होतं, ओठ सुकून पापुद्र्यांचे झाले होते. अर्धा वाडगा. पाव वाडगा. दोन-तीन घास. ते उकाड्यामुळे नव्हतंच.

“म्हणून तुम्ही जेवत नव्हतात,” ती म्हणाली.

“सणाच्या आत नको, एवढंच बघत होते.” सेत्सुबाईंनी डोळे आढ्याकडे वळवले. “दुकानाचा खोळंबा झाला असता.”

हे ऐकल्यावर सायोच्या आत काहीतरी तुटलं. शिव्या दिल्या असत्या तर ती सोसती. तोंड फिरवलं असतं तर तेही. पण ही बाई तिचं न बोललेलं ऐकून, मान देऊन, मुकाट निघाली होती. सणाची अडचण होऊ नये म्हणून वाटेत जरा थांबली होती, इतकंच. एवढी लाज मावेल असा कोपरा सायोला स्वतःत सापडेना.

“माझ्या मनात आलं होतं, आई,” ती म्हणाली. “एकदा. पहाटे, चादर धुताना.”

“एकदाच?”

सायो म्हणाली, “नाही.”

“हं,” सासूबाई म्हणाल्या.

“मी थकले आहे. फार थकले आहे. पण जा म्हणून सांगत नव्हते. खरंच सांगत नव्हते.”

“मग काय सांगत होतीस?”

“ठाऊक नाही.” आता अश्रू हनुवटीवरून सरळ चटईवर पडत होते, आणि ती ते पुसत नव्हती. “माझ्या आईला हिवाळ्यात नेसवलं, तेव्हापासून हात माझे राहिले नाहीत. मला माहीत नाही, आई. पण तुम्ही जेवा.”

ढोल जवळ आले, दूर गेले. मग सेत्सुबाईंनी डावा हात चटईवर टाकला आणि चाचपत किमोनोपर्यंत आणला.

“ओलं फडकं आण. खळ भाताची आहे. सुटेल.”

“घडी राहील.”

“राहू दे.”

ओल्या फडक्यानं सायोनं पदराची कड भिजवली. खळ मऊ झाली, कागद नाखुशीनं सुटला. सासूबाईंनी डाव्या हाताच्या दोन बोटांनी एक टोक धरून ठेवलं, सायोनं दुसरं फिरवलं. उजवा आत. डावा वर. दोघींचे हात त्या एका कागदावर पहिल्यांदाच एकत्र होते. जुनी घडी मात्र गेली नाही. निळ्या छातीवर ती तिरपी, फिकट, पांढुरकी उमटून राहिली, आणि कोणालाही लांबून दिसली असती.

किमोनो पुन्हा वर गेला. पेठेनं पुन्हा पाहिलं. घडी पाहिली, फिकट रेघ पाहिली, सायोकडे पाहिलं. कोणी तोंडावर काही बोललं नाही, पण पंख्यांआड कुजबुज होती, आणि तिला आत पळून जावंसं वाटत होतं. तिनं आपले पाय उंबऱ्यावर रोवून ठेवले.

दुपारी शूजीनं आईला चाकाच्या खुर्चीत बसवून दारात आणलं. विंचरलेले पांढरे केस, राखी किमोनो, मांडीवर ठेवलेला निर्जीव उजवा हात. सेत्सुबाईंनी मान मागे टाकली आणि बांबूच्या शेंड्यापर्यंत नजर नेली. लोकही थांबले. कान्नो आजोबा समोरून येऊन इतके वाकले की त्यांची टोपी खाली पडली.

“कान्नो,” सेत्सुबाई म्हणाल्या, “माझ्यासाठी रडलास म्हणे. फुकट गेलं.”

म्हातारा हसला आणि कान लाल होईपर्यंत ओशाळला. आजूबाजूचेही हसले. पण हसता हसता त्यांचे डोळे सायोकडे वळत होते, तिच्या हातांकडे वळत होते, आणि सेत्सुबाईंनी ते पाहिलं. अर्ध्या चेहऱ्यानंही त्या पेठ ओळखत होत्या.

“सायो,” त्यांनी हाक मारली. “पेज आण.”

सायोला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. “आत जाऊ या, आई. दार लावते.”

“इथे आण.”

“इथे? सगळ्यांसमोर?”

“इथेच.”

सायो आत गेली. पेज गरम केली, गाळली, वाडग्यात ओतली, फुंकर घातली. ती बाहेर आली, खुर्चीपुढे रस्त्यावर गुडघे टेकून बसली, भर दुपारी, भर पेठेत, अख्ख्या गावाच्या पायांमध्ये.

पहिला चमचा ओठांशी गेला. सेत्सुबाईंनी मान वळवली नाही. घास आत गेला, आणि ओठाच्या उतरलेल्या कोपऱ्यातून पेजेचा एक ओघळ हनुवटीवर आला. कोणीतरी नजर फिरवली. सासूबाईंच्या कपाळाची शीर फुगली. ती लाज होती, सायो ती ओळखत होती, आजच तर तिची ओळख झाली होती. त्या लाजेसकट सेत्सुबाईंनी ताठ मानेनं पेठेकडे पाहिलं आणि घास गिळला.

सायोनं आपल्या बाहीनं त्यांची हनुवटी पुसली.

“अळणी आहे,” सासूबाई म्हणाल्या.

“डॉक्टरांनी मीठ नको म्हटलंय.”

“घाल थोडं.”

सायो उठली, मीठ घेऊन आली, चिमूटभर घातलं, ढवळलं. तिची लाज गेली नव्हती. ती जाणार नव्हती. पुढच्या उन्हाळ्यातही ती तिथेच असणार होती, आणि त्याच्याही पुढच्या. पण लाजेसकट हात चालत होते, आणि या वेळी ती त्यांच्याकडे पाहत होती.

नदीकडून वारा आला. झिरमिळ्या सरकल्या, उजेड सरकला. वाडग्यातल्या पांढऱ्या पेजेवर तांबडा रंग पडला, मग जांभळा पडला, मग नुसतं ऊन. सेत्सुबाईंनी तोंड उघडलं. पेठ पाहत होती. सायोनं चमचा भरला, फुंकर घातली, आणि पुढे केला.